जीटॅप शिकायला घेताय? आधी आकडे उघडून बघा

सरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं की जीटॅप शिकून घे, म्हणजे ग्लोबल ट्रेड अ‍ॅनालिसिस प्रोजेक्ट, जगभरच्या व्यापाराचा अभ्यास करायचं मॉडेल आणि त्याचा डेटाबेस, 1992 साली पर्ड्यू युनिव्हर्सिटीत थॉमस हर्टेल यांनी सुरू केलेला. मला वाटलं सॉफ्टवेअर असेल काहीतरी, बटण दाबलं की उत्तर. तसं अजिबात नाहीये. खरा जीव त्या डेटाबेसमध्ये आहे आणि तो कुणा एकाने बसून बनवलेला नाही, देशोदेशीचे रिसर्चर आपापल्या देशाचं इनपुट-आउटपुट टेबल (कुठला उद्योग कुणाकडून काय घेतो, कुणाला विकतो त्याचा तक्ता) देतात, पर्ड्यूची टीम ती सगळी एका साच्यात बसवते आणि टेबल देणाऱ्याला बदल्यात डेटाबेस मिळतो. 11व्या व्हर्जनमध्ये 160 देश-प्रदेश आणि 65 सेक्टर आहेत, शेवटचं रेफरन्स वर्ष 2017.

आता माझा पराक्रम ऐका. तांदळावरचं आयातशुल्क कमी केलं तर काय होतं ते बघायचं होतं, मी पीडीआर नावाच्या सेक्टरला शॉक दिला, म्हणजे मॉडेलमध्ये त्याचं शुल्क बदलून पाहिलं, रिझल्ट जवळजवळ शून्य. मग काय, क्लोजर (मॉडेलमध्ये काय स्थिर धरायचं, काय बदलू द्यायचं) बदल, इलॅस्टिसिटी (किमतीला मागणी-पुरवठा किती प्रतिसाद देतो) बदल, तीन आठवडे नुसता गोंधळ. शेवटी एका सीनियरने व्यापाराचा तक्ता उघडला आणि म्हणाली, अगं पीडीआर म्हणजे पॅडी राइस, हा भात आहे, तांदूळ पीसीआरमध्ये आहे, म्हणजे प्रोसेस्ड राइसमध्ये, जहाजातून सालासकट भात कितीसा जातो? मराठीत दोन वेगळे शब्द असून मी इंग्रजीत फसले!

दुसरा झटका कच्च्या व्यापार आकड्यांचा. एक देश म्हणतो इतकं पाठवलं, दुसरा म्हणतो तितकं आलंच नाही किंवा जास्त आलं. मला वाटलं फाईलच खराब. पण निर्यात साधारण एफओबी भावाने, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीने मोजतात आणि आयात सीआयएफने, म्हणजे भाडं-विमा धरून, शिवाय नोंदींचे घोळ वेगळेच. डेटाबेसमध्ये हे जुळवूनच येतं, म्हणून तो इतका गुळगुळीत दिसतो.

आणि हो, 2017 लिहिलंय म्हणून प्रत्येक देशाचं मूळ टेबल 2017चंच असतं असं नाही, काही बरीच जुनी असतात, नंतरच्या एकूण आकड्यांना जुळवून घेतलेली. आपल्या देशाचं कुठल्या सालचं ते डॉक्युमेंटेशनमध्ये बघा, व्हायवात हमखास विचारतात.

सुरुवातीला तीन प्रदेश, तीन सेक्टर एवढंच घ्या. रिझल्ट बहुतेक टक्क्यांतल्या बदलात येतात, मी एकदा ते डॉलर समजून अख्खं चॅप्टर लिहिलं होतं. रन झाल्यावर वॉलरासलॅक (मॉडेलचा हिशेब जुळला का ते दाखवणारा आकडा) शून्याजवळ आहे ना ते आधी बघायचं, मग चहा.