बिव्हेरिया, मेटारायझियम मारायच्या आधी टेम्परेचर पाहा

भाऊ, बिव्हेरिया, मेटारायझियम म्हणजे कीड मारणाऱ्या बुरश्या, पुडीत मिळतात. हे बुरशीचं औषध मारलं पण फरक नाही पडला असं म्हणणारे लय आहेत, अन् बहुतेक वेळा चूक औषधाची नसते, उन्हाची असते. मी स्वतः एका वर्षी मे महिन्यातच बिव्हेरियाच्या पुड्या आणून टिनाच्या शेडात ठेवल्या, बाहेर 45 डिग्री, आत किती तापलं असेल विचार करा, अन् ऑगस्टात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर मारल्या तर पांढरी माशी जशीच्या तशी. पुडीतले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, जिवंत असतात, तापले की मरतात. म्हणून पुडी लागेल तेव्हाच आणा अन् घरात थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको.

बीजाणू किडीच्या अंगावर पडला की रुजतो, कातडी भेदून आत शिरतो अन् आतून कीड पोखरतो. याला 25 ते 30 डिग्री अन् भरपूर दमटपणा लागतो. 35 च्या वर बहुतेक बुरश्यांची वाढ थांबत येते, 15 च्या खाली लय हळू होते. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात झड लागलेली असते तेव्हा हवा बरोबर जमते. त्याच दिवसांत सोयाबीनवर पानाला चिकटून कडक झालेली, आधी पांढरी अन् मग हिरवट पावडर धरलेली अळी दिसते ना, ती नोमुरिया बुरशीनं आपोआप मारलेली असते, तिला तोडून फेकू नका, तिच्यावरूनच बाकीच्या अळ्यांना लागण होते.

फवारा संध्याकाळी पाचनंतरच. सकाळी मारलं तर दुपारच्या उन्हात बीजाणू काही तासांत निकामी होतात, संध्याकाळी मारलं की अख्खी रात्र दवात रुजायला भेटते. प्रमाण साधारण 10 लिटरला 50 ग्रॅम, पण पाकिटावरचं वाचा, पाणी विहिरीचं ताजं घ्या, उन्हात तापलेल्या ड्रमचं नको. पानाच्या खालून मारा, मावा-तुडतुडे तिथंच बसतात. ऑक्टोबर हीटमध्ये वावर कोरडं पडलं असेल तर मी तरी पैसे घालत नाही, ओलीत केलं असेल तर गोष्ट वेगळी.

हुमणीसाठी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीसाठी, मेटारायझियम शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी ओल्या मातीत द्या, वर ऊन असलं तरी खाली गारवा राहतो.

एका दिवसात कीड मरत नाही, 5 ते 10 दिवस लागतात, तोवर घाबरून वरून बुरशीनाशक मारू नका, नाहीतर आपलीच बुरशी मरते.