हेल्मेटमध्ये गाणी आणि रडार डिटेक्टर एकत्र ऐकताय? या चुका टाळा

रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचा वेग मोजणारा रडार जवळ असल्याचं ओरडून सांगणारं यंत्र, कारमध्ये लावणं सोपं असतं. काचेला चिकटवला, प्लग खुपसला, तो ओरडला की ऐकू येतं. मोटरसायकलवर हे जमत नाही. ताशी ७० मैलांवर हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि हँडलबारवरच्या डिटेक्टरची पीप त्यात कुठल्या कुठे विरून जाते. म्हणून सूचना थेट कानापर्यंत आणावी लागते. आता कानात आधीच गाणी चालू असतात, मॅपवाली बाई वळणं सांगत असते, आणि मागून येणारा मित्र इंटरकॉमवर पुढच्या एक्झिटला कॉफी घेऊया म्हणत असतो.

अमेरिकेत बाइक चालवणारी आपली मंडळी यावर जो प्रश्न विचारतात, तो बहुतेक वेळा एकच असतो: अलर्ट ऐकू येत नाही, जास्त दणक्याचे स्पीकर कोणते घेऊ? माझं म्हणणं, स्पीकरचं नंतर बघू. चार आवाज एकदम आले तर कोणी गप्प बसायचं, हे आधी ठरवा. डिटेक्टर बोलला की गाणं खाली गेलं पाहिजे, आणि डिटेक्टरला मात्र कोणीही गप्प करता कामा नये. ज्याच्या बाइकवर हे होत नसेल त्याने डिटेक्टर काढून ठेवलेला बरा. मुका डिटेक्टर खोटा भरवसा देतो.

ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवणं

नायॉश या अमेरिकी सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तासांपर्यंत, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला मिळतात जेमतेम १५ मिनिटं. म्हणजे नुसता वाराच कानाचा कोटा संपवतो, आणि त्याच्यावर चढवायला गाणी अजून मोठी लावायची.

उपाय उलटा वाटतो, पण तोच खरा आहे: आधी इअरप्लग, मग स्पीकर. फोमचे स्वस्त प्लग नीट पिळून, कान वर ओढून आत बसवले की वाऱ्याची गाज खाली जाते. स्पीकरचा आवाजही कमी होतो हे खरं, पण तो वाढवायला जागा शिल्लक असते. वारा कमी करायचं बटण कुठल्याच बाइकला नसतं. लांबच्या राइडनंतर कानात शिट्टी वाजत राहत असेल तर ती थकव्याची खूण समजू नका, कानाला झालेल्या इजेची समजा.

त्यानंतर स्पीकरची जागा. हेल्मेटच्या कप्प्यात कंपनीने जागा दिली आहे म्हणून तिथेच कान येतो असं नाही. स्पीकर बोटभर मागे किंवा खाली असला तरी आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हेल्मेट घालून, गाणं लावून, दोन्ही तळव्यांनी हेल्मेटच्या बाजू आत दाबा. दाबल्यावर आवाज एकदम भरला तर स्पीकर कानापासून लांब आहे. त्याच्या मागे फोमची चकती घाला. नवे महागडे स्पीकर घेतलेल्या कितीतरी लोकांचं काम या चकतीत भागलं असतं.

वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. त्यामुळे जाड पुरुषी आवाजातली सूचना त्यात बुडते, आणि वरच्या पट्टीतली तीक्ष्ण पीप तरते. डिटेक्टरमध्ये किंवा ॲपमध्ये आवाज निवडायची सोय असेल तर हे लक्षात ठेवा. कानात मधुर वाटणारा अलर्ट रस्त्यावर कामाचा नसतो.

ब्लूटूथची जोडणी 'लागली ना, झालं' म्हणून सोडून देणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, त्यामुळे जरा थांबून समजून घेऊ.

ब्लूटूथमध्ये आवाज दोन वेगळ्या वाटांनी येतो. गाण्यांची वाट ए-टू-डी-पी, म्हणजे स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाची. फोन कॉलची वाट एच-एफ-पी, म्हणजे मोनो आणि अरुंद. तिच्या जुन्या प्रकारात नमुने सेकंदाला ८,००० असतात, नव्यात १६,०००. हेडसेट (हेल्मेटमधला स्पीकर-माइकचा ब्लूटूथ संच) साधारणपणे कॉलच्या वाटेला मोठा मान देतो. कॉल आला की गाणं नुसतं हळू होत नाही, थांबतं.

आता काही जण डिटेक्टरच्या ऑडिओ जॅकला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावतात आणि तो हेडसेटला 'दुसरा फोन' म्हणून जोडतात. मग प्रत्येक अलर्ट कॉलसारखा येतो. वाट बदलण्यात क्षण-दोन क्षण जातात, त्यात अलर्टची पहिली पीप गिळली जाते, आणि गाण्याचे तुकडे पडतात. शहराजवळ खोटे अलर्ट येऊ लागले की माणूस वैतागून डिटेक्टरच बंद करतो.

ट्रान्समीटर गाण्यांच्या वाटेने जोडला तरी सुटका नाही. बरेच हेडसेट दोन उपकरणांशी जोडले जातात, पण दोघांची गाण्यांची वाट एकाच वेळी मिसळून ऐकवत नाहीत. आधी जो वाजू लागला तो जागा धरून बसतो. 'मल्टिपॉइंट' असं खोक्यावर छापलं आहे म्हणून दोन आवाज एकत्र येतील असं गृहीत धरू नका.

सगळ्यात सरळ वाट: मिसळण्याचं काम फोनला करू द्या. व्हॅलेंटाइन वन या डिटेक्टरच्या २०२० साली आलेल्या दुसऱ्या पिढीत ब्लूटूथ आतच आहे. डिटेक्टर फोनवरच्या ॲपला माहिती देतो, ॲप अलर्ट वाजवतं, गाणं आणि मॅपही त्याच फोनवर, आणि तिथून हेल्मेटपर्यंत एकच धागा. अलर्ट आला की फोन गाणं क्षणभर दाबतो आणि पुन्हा सोडतो. ॲपच्या सेटिंगमध्ये गाणं 'थांबवा' आणि 'हळू करा' असे दोन पर्याय दिसले तर दुसरा घ्या. मॅप किंवा वेझ या रस्ता दाखवणाऱ्या ॲपच्या सेटिंगमध्ये सूचना फोन कॉलसारखी वाजवण्याचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर मॅपवाली बाई तोंड उघडेल तेव्हा अलर्टची वाट बंद होईल.

या पद्धतीतही तीन खड्डे आहेत.

पहिला: गाणी बंद असताना पहिली पीप गायब होणं. काहीच वाजत नसेल तर हेडसेट ती वाट झोपवून ठेवतो, आणि अलर्ट आल्यावर जागा होईपर्यंत सुरुवात निघून जाते. म्हणून काही जणांचा अनुभव असतो की गाणी चालू असताना डिटेक्टर नीट चालतो आणि शांततेत चुकतो. डिटेक्टर बिचारा बरोबर असतो. गाणी नको असतील त्या दिवशी फोनवर मूक ध्वनी सतत वाजवत ठेवणारं एखादं छोटं ॲप चालू ठेवा, किंवा गाणं अगदी बारीक लावा.

दुसरा: फोनवर कॉल चालू असताना गाण्यांची वाट बंद, म्हणजे अलर्टही बंद. गूगल मॅप्समध्ये कॉल चालू असतानाही सूचना बोलण्याचा पर्याय आहे; डिटेक्टरच्या ॲपमध्ये तशी सोय असेलच असं नाही. बाइकवर कॉल न घेणं हाच त्यावरचा उतारा.

तिसरा: इंटरकॉम. ग्रुपने निघालात आणि मेश (सगळ्यांची हेल्मेटं एकत्र जोडणारा इंटरकॉम) उघडा ठेवलात की बऱ्याच हेडसेटमध्ये बोलणं वर आणि गाण्यांची वाट खाली जाते. अलर्ट त्याच वाटेने येत असल्याने तोही खाली जातो. सेना आणि कार्डो या हेडसेट बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इंटरकॉम चालू असताना मागची गाणी किती ऐकू यावीत ते ठरवता येतं. ती पातळी शून्याजवळ ठेवली असेल तर मित्रांच्या गप्पा ऐकता ऐकता दंडाचं तिकीट मिळेल.

हे सगळं रस्त्यावर तपासू नका. सुपरमार्केटचे आपोआप उघडणारे दरवाजे बहुधा के बँडवर, म्हणजे रडारच्या लहरींच्या एका पट्ट्यात चालतात, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास. त्यांच्यासमोरच्या पार्किंगमध्ये बाइक उभी करा. डिटेक्टर ओरडू लागला की एकेक जोडी लावून बघा: गाणं आणि अलर्ट, मॅप आणि अलर्ट, इंटरकॉम आणि अलर्ट, कॉल आणि अलर्ट, आणि काहीच न वाजताना नुसता अलर्ट. जी जोडी इथे नापास, ती हायवेवरही नापास.

दोन आवाज एका वाय-केबलने जोडणं

वायरवाल्यांची जमात अजून आहे, आणि तिचं एक बरोबर आहे: वायरला ब्लूटूथसारखी जोडणी करावी लागत नाही आणि तिचा आवाज उशिरा येत नाही. पण दोन उपकरणांचे आउटपुट साध्या वाय-केबलने (दोन टोकं एका टोकात मिळणाऱ्या वायरने) एकत्र बांधले की ती एकमेकांनाच आवाज ढकलू लागतात. दोन्ही मंद होतात, फाटतात. छोटा मिक्सर घ्या, नाहीतर प्रत्येक वाटेत रेझिस्टर घातलेली केबल. एकाच कानात आवाज येत असेल तर मोनो पिन स्टिरिओ खोबणीत गेली आहे का ते बघा. युनिडेन आर-थ्रीसारख्या काही डिटेक्टरना ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो, सगळ्यांना नसतो. विकत घेण्याआधी बघायची गोष्ट.

थ्रॉटल पिळला की कानात वाढत जाणारी शिट्टी ऐकू येते? फोनचा चार्जर काढा. शिट्टी गेली तर तो ग्राउंड लूप आहे: फोन आणि डिटेक्टर दोघेही बाइकच्या बॅटरीला जोडलेले, वर ऑडिओच्या वायरने एकमेकांनाही, आणि अल्टरनेटरची कुरकुर त्या फेऱ्यातून कानात शिरते. ऑडिओच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. स्वस्त वस्तू आहे, आणि मिक्सर बदलून ही शिट्टी जात नाही.

सगळे अलर्ट एकाच जोराने आत घेणं

पोलिसांचा रडार आज मुख्यतः केए बँडवर असतो, ३३.८, ३४.७ किंवा ३५.५ गिगाहर्ट्झच्या जवळपास. के बँडवरही असतो, पण तिथे गर्दी फार: शेजारून जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर आणि वर सांगितलेले दुकानांचे दरवाजे. कारमध्ये हा गोंगाट नुसता त्रासदायक असतो. हेल्मेटमध्ये तो कानाला चिकटलेला असतो, आणि दर मिनिटाला गाणं दाबलं गेलं की हात म्यूटकडे जातो.

म्हणून केए बँडला सगळ्यात ठळक, वेगळा आवाज द्या. के बँडला सौम्य आवाज आणि फिल्टर चालू. वेग कमी असताना आपोआप गप्प बसण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा, शहरातली निम्मी कटकट तिथेच संपते. पोलिसांच्या लेझर स्पीडगनचा अलर्ट वाजला तर तो बहुतेकदा इशारा नसतो, वेग मोजून झाल्याची बातमी असते.

म्यूटचं बटण हातमोजा न काढता, हँडल न सोडता दाबता आलं पाहिजे. डिटेक्टरवरचं इवलंसं बटण शोधायला डावा हात पुढे नेणं हा ७० मैलांवर निव्वळ वेडेपणा आहे. वायरचा रिमोट डाव्या ग्रिपजवळ बसवा.

बसवणं आणि वीज

डिटेक्टरला पुढचं मोकळं दिसलं पाहिजे. टँक बॅगच्या खिशात ठेवला तर लेझर त्याला दिसणारच नाही. बहुतेक डिटेक्टर पावसासाठी बनवलेले नसतात. वीज इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या रिलेवरून, फ्यूज घालून घ्या. थरथरीने प्लग ढिला झाला तर डिटेक्टर काही न बोलता मरतो, आणि गाणी चालूच असल्याने तुम्हाला पत्ता लागत नाही. त्यासाठी मिररजवळ नजरेच्या कोपऱ्यात राहील असा एक छोटा दिवा हवा: चालू असेल तर मंद, अलर्टला लुकलुकता. उन्हात डिस्प्ले दिसत नाही, दिवा दिसतो.

फोन हँडलबारवर लावणार असाल तर मधे थरथर शोषणारा माउंट हवा. ताकदवान इंजिनांच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

राज्याची सीमा ओलांडली हे विसरणं

न्यू जर्सीहून स्कायलाइन ड्राइव्ह किंवा ब्लू रिज पार्कवेला निघालात की वाटेत व्हर्जिनिया येतं. तिथे आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये रडार डिटेक्टरला बंदी आहे. व्हर्जिनियात तो नुसता बंद करून चालत नाही. वीज तोडलेली हवी आणि हाताला सहज लागणार नाही असा ठेवलेला हवा. म्हणजे पॅनिअरच्या (बाइकच्या बाजूच्या पेटीच्या) तळाशी. तिथे ८५ मैलांच्या वर वेग गेला की तो 'रेकलेस ड्रायव्हिंग'चा फौजदारी गुन्हा होतो, हेही ध्यानात असू द्या. नायगारा बघून कॅनडाच्या ओंटारिओत शिरणार असाल तर तिथेही डिटेक्टर बेकायदा आहे आणि जप्त होऊ शकतो.

कानाचे कायदे वेगळे. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत इअरफोन घालून चालवता येत नाही, न्यू यॉर्कमध्ये एकाहून जास्त चालत नाही. म्हणून हेल्मेटमधले स्पीकर सोडून इअरबडवर जाण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा.

आणि पुण्याहून भावाचा मेसेज आला की 'येताना एक डिटेक्टर आण', तर आणू नका. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर स्पीडगन असते. ती डिटेक्टरने पकडली तरी उशीर झालेला असतो. ठरलेल्या जागच्या कॅमेऱ्यांपैकी बरेच तिकडेही गूगल मॅप्स सांगतं, आणि ते हेल्मेटमध्ये नीट ऐकू येण्यासाठी कॉलवाला पर्याय बंद करणं आणि गाणं 'थांबवा'ऐवजी 'हळू करा'वर ठेवणं, एवढं त्याला फोनवर सांगितलंत तरी भागेल.