वाढत्या अंगाचं माप: तीन फुटांच्या पट्टीत काय लावावं

मी ३३ वर्षं शिवणकाम केलं. लहान पोरीचा फ्रॉक शिवताना माप आजचं घेतात, पण कापड वाढत्या अंगाचं कापतात. झाडं लावताना मात्र ही अक्कल मी पहिली सहा वर्षं वापरली नाही.

आमचं घर अमळनेरला. पश्चिमेला घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये ३ फूट रुंद, २८ फूट लांब पट्टी आहे. त्यात मी हौसेनं बदाम, सोनचाफा आणि एक शोभेचं फायकस लावलं. आणली तेव्हा तिन्ही गुडघ्याएवढी होती. फायकस म्हणजे वडा-पिंपळाच्याच घरातलं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याची मुळी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये निघाली. बदामाचा पाला शेजाऱ्यांच्या टाकीवर. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "आठे जंगल करनं शे का तुले?" (इथे जंगल करायचंय का तुला?) शेवटी तिन्ही तोडली आणि टेप घेऊन नव्यानं बसले.

आधी माप घ्या. वरून पट्टी ३ फूट दिसते, पण कंपाउंडचा पाया जमिनीखाली आत आलेला असतो, घराचाही तसाच. पहारीनं दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. आमच्याकडे मोकळी माती जेमतेम २ फूट निघाली. ड्रेनेजचा पाइप, चेंबर, मीटर, खिडकी कुठे आहे ते कागदावर मांडा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीलगतचं मोठं झाड खालचा ओलावा ओढून घेतं, माती आणखी आकसते आणि भिंतीला तडा जाऊ शकतो. म्हणून अशा पट्टीत वड, पिंपळ, उंबर, बदाम, गुलमोहर नकोच. कोनोकार्पस तर अजिबात नको. शेजारच्या गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली.

दुसरं बघायचं ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. त्या बाजूला नाजूक झाड लावलं की पानांच्या कडा जळतात. दुपारनंतर सावली येणाऱ्या पूर्वेच्या बाजूला कामिनी, मोगरा खुशाल लावा. पश्चिमेला कण्हेर, डाळिंब, मेंदी, अडुळसा, टेकोमा अशी चिवट मंडळी हवीत.

तिसरी गोष्ट मला दोन वेळा पैसे घालवून कळली. एक्झोरा आणि अनंत या दोन फुलझाडांना आंबट माती लागते. आपली माती चुनखडीची, बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात भिंतीलगत बांधकामाचा सिमेंट-चुना पडलेला. मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं असं वाटून मी आणखी खत घातलं, काही उपयोग झाला नाही. ही दोन झाडं हवीच असतील तर कुंडीत ठेवा.

आता माझ्या पट्टीत काय आहे ते सांगते.

कोपऱ्यात डाळिंब. बुंध्यातून सारखे फुटवे येतात. त्यातले तीन-चार जोमदार ठेवायचे, बाकी उगवतील तसे काढायचे. मग झाड आडवं पसरत नाही, सरळ वर जातं. पाणी कधी खूप, कधी नाही असं झालं की फळ तडकतं. नळाला रोज पाणी नसणाऱ्या गावात हे व्हायचंच, पण लाल फुलांसाठी मी ते ठेवलंय.

स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता. बारीक अंगाचं, ८-१० फुटांचं झाड. पोट फुटेल इतकी भाजी-आमटी झाली तरी संपत नाही. कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. एक वाईट खोड मात्र आहे: मुळावरून दोन-दोन फुटांवर पिल्लं निघतात. ती वेळेवर उपटा आणि ओळखीपाळखीत वाटा.

मधल्या भागात बुटक्या जातीची तगर आणि एक पांढरा चाफा, ज्याची पानं नागाच्या फण्यासारखी असतात. नर्सरीवाले त्याला पुडिका म्हणतात. तो पसरत नाही, सरळ वाढतो आणि पाणी चुकलं तरी रुसत नाही. तगरीची फुलं श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाच्या वेळी गल्लीत पुरवून उरतात.

पारिजातक लावायचा का, असं बायका हमखास विचारतात. लावा, पण दरवर्षी बहर संपल्यावर छाटून डोक्याच्या थोडं वरच ठेवा. आणि अरुंद पट्टीतला पारिजातक भिंतीपलीकडेच सांडतो, हे सत्यभामेच्या काळापासून ठरलेलं आहे. शेजारणीशी बरं असेल तरच लावा.

कागदी लिंबू मी लावलं नाही. ते पसरतं १२-१५ फूट, वर काटे. येता-जाता पदर फाटेल. कुणाकडे आधीच लिंबू असेल तर त्याच्याजवळ कामिनी लावू नका, लिंबावरची सायला नावाची कीड तिच्यावरही वाढते. कण्हेर उन्हाला एक नंबर, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. आमच्या गल्लीत शेळ्या मोकळ्या फिरतात, म्हणून मी टेकोमा लावला. त्याची पिवळी घंटेसारखी फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून वर्षातून दोनदा निर्दयपणे छाटलं तरी चालतं. छाटायचा कंटाळा असेल तर लावू नका, तो १० फुटांच्या वर जातो.

नर्सरीत "किती उंच होईल?" एवढंच विचारून थांबू नका. जमिनीत लावल्यावर पाच वर्षांनी रुंद किती होईल, ते विचारा. जे उत्तर येईल त्याच्या निम्म्या अंतरावर भिंतीपासून खड्डा घ्यायचा. पट्टीत तेवढी जागा निघत नसेल आणि झाड छाटणी सोसणारं नसेल, तर ते परत ठेवा. सगळ्यात उंच रोप उचलू नका, खालून फांद्या फुटलेलं घ्या. पिशवीच्या बुडाशी मुळ्या गोल गोल गुंडाळल्या असतील तर ते रोप नको.

खड्डे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला काढा, दीड फूट लांब-रुंद-खोल. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा वेचून बाहेर काढा. महिनाभर ऊन खाऊ द्या. मग निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालून भरा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोपं लावा.

पुढचा पहिला उन्हाळा जपावा लागतो. बुंध्याभोवती वाळलेल्या केळीच्या पानांचा चार बोटं थर द्या, चोपडा-यावलच्या केळीच्या पट्ट्यातून येणारं कुणी ओळखीचं असेल तर पोतंभर फुकट मिळतात. पश्चिमेकडून पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) रोवून त्यावर जुनी साडी बांधा. पाणी रोज शिंतोडे मारल्यासारखं नको, चार दिवसांनी पण मुरेपर्यंत द्या, आणि तेही संध्याकाळी.

छाटणीला वेगळी कात्री घ्या. माझी कापडाची कात्री नातवानं डाळिंबावर चालवली, तिला पुन्हा धार काही आली नाही.