आधी ठिपका जागेवर आणा: अपघातांच्या नोंदींवरून रस्ता सुरक्षित कसा करावा

नागपुरात कुठल्याही चौकात मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मागणी ठरलेली: गतिरोधक बांधा. कुणीतरी पत्र देतं, आठवड्याभरात डांबराचा एक ओबडधोबड उंचवटा येऊन पडतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. अपघात मात्र तिथून दोनशे मीटर पुढे होत असतात. गेली काही वर्षं मी शहरातल्या आणि ग्रामीण हद्दीतल्या अपघातांच्या नोंदी गोळा करून नकाशावर मांडतो आहे. "जनजागृती करा, हेल्मेट वाटा" हा सल्ला ऐकून कान किटले आहेत. हेल्मेट हवंच, पण एकाच वळणावर दरवर्षी माणसं मरत असतील तर दोष त्या वळणातही शोधावा लागतो. तो कसा शोधायचा ते सांगतो. नकाशाचं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर आणि एक्सेल वापरता येतं असं गृहीत धरतो.

माहिती मिळवणं

हे काम सोपं आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून भाषण नको. पोलीस ठाणं, तीन पूर्ण कॅलेंडर वर्षं आणि हे रकाने मागा: अपराध क्रमांक, तारीख, वेळ, घटनास्थळ, वाहनांचे प्रकार, मयत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी. नावं नकोत असं स्वतःहून लिहा, नकाराचं एक कारण कमी होतं. प्रथम खबरी (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावरही सापडतात.

एक खाच आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधीचे गुन्हे 279, 337, 338, 304-अ या कलमांखाली आहेत, नंतरचे 281, 125 आणि 106 खाली. फक्त 304-अ शोधलंत तर जुलैनंतर नागपुरात अपघाती मृत्यू थांबलेच असं दिसेल! शिवाय 'गंभीर दुखापत' ठरवण्याच्या कसोट्यांपैकी एक बदलली. जखमी किती दिवस वेदनेत किंवा अंथरुणाला खिळून राहिला, ही मुदत 20 वरून 15 दिवसांवर आली. जुलैनंतर गंभीर जखमींचे आकडे थोडे चढलेले दिसले तर रस्त्याला दोष देण्याआधी हे आठवा.

ठिपका

आता खरं काम. माझी दोन वर्षं यातच गेली.

केंद्र सरकारची अपघात-नोंदीची प्रणाली आहे. आधी तिला आयरॅड म्हणत, आता ई-डार. आयआयटी मद्रास आणि एनआयसीने (केंद्राची संगणक-सेवा देणारी संस्था) ती उभी केली आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अंमलदार घटनास्थळी जाऊन मोबाईलवर नोंद करतो आणि फोन त्या जागेचे अक्षांश-रेखांश घेतो. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता जखमीला मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवायचं, वाहनं बाजूला काढायची, वाहतूक मोकळी करायची, यात मोबाईल खिशातच राहतो. नोंद होते सकाळी, ठाण्यात बसून, आणि ठिपकाही ठाण्यातच पडतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला नकाशा घेऊन मी एका बैठकीत गेलो. एका जागी लाल ठिपक्यांचा घोसच होता. "हा सगळ्यात धोकादायक पट्टा," असं मी छाती फुगवून सांगितलं. समोरचे एक फौजदार बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे आमच्या ठाण्याचं गेट आहे." पुढचा अर्धा तास मी काय बोललो ते मला आठवत नाही.

तेव्हापासून नियम एकच: आयता ठिपका घ्यायचा नाही. प्रत्येक अपघाताची जागा कागदावरून स्वतः ठरवायची. प्रथम खबरीत 'घटनेचे ठिकाण' या रकान्यात ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असतं, "दक्षिणेस 3 किमी" असं. ते ढोबळच असतं, पण ठिपका उत्तरेला पडला असेल तर चूक तिथेच पकडता येते. त्याखाली पत्ता असतो: "वर्धा रोड, अमुक हॉटेलसमोर". वर्धा रोड म्हणजे नेमका कुठला? रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक, पुढे विमानतळ, खापरी, थेट बुटीबोरीपर्यंत सगळा वर्धा रोडच. हॉटेल बंद पडून तिथे मोबाईलचं दुकान आलेलं असतं. आणि 'समोर' म्हणजे रस्त्याच्या कोणत्या अंगाला, तेही कुणी लिहीत नाही.

सोनं आहे ते घटनास्थळ पंचनाम्यात. "सदर रोड पूर्व-पश्चिम असून उत्तरेस किराणा दुकान, दक्षिणेस डिव्हायडर, पूर्वेस 20 फुटांवर विजेचा खांब" अशी चतुःसीमा त्यात लिहिलेली असते. घरच्या शेताची वाटणी लिहिणारा माणूसही इतक्या निगुतीने लिहीत नाही. तपास चालू असेल तर पंचनामा मिळत नाही. दोषारोपपत्र गेलेल्या गुन्ह्यांचे पंचनामे मात्र पाहणीसाठी मागून बघा, आणि मिळाले तर महामार्गाचे किलोमीटरचे दगड, विजेच्या खांबांचे आणि मेट्रोच्या खांबांचे क्रमांक आधी टिपा. दुकानं बदलतात, मेट्रोचा खांब कुठे जात नाही.

मेट्रोवरून आठवलं. नागपुरात आता एका ठिपक्याखाली अनेक रस्ते असतात. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर रेल्वे धरून चार मजले. उपग्रहाला यातलं काही कळत नाही. पुलावर भरधाव गाडी कठड्याला धडकली आणि खाली सिग्नलवर म्हातारीला दुचाकीने उडवलं, हे दोन्ही अपघात नकाशावर एकावर एक बसतात आणि उपाय मात्र पूर्ण वेगळे. म्हणून माझ्या तक्त्यात 'वर की खाली' असा एक रकाना आहे. हसू नका, तुम्हीही ठेवा.

मृत्यूंची जागाही फसवते. विदर्भातून, छिंदवाड्याकडून, बालाघाटकडून जखमी नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत येतात. काटोलजवळ धडक, मृत्यू मेडिकलमध्ये, आणि मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद) आधी रुग्णालयाच्या हद्दीतल्या ठाण्यात दाखल. मर्गच्या यादीवरून नकाशा काढला तर मेडिकलचा परिसर देशातला सर्वांत घातक रस्ता ठरेल. मर्ग मूळ अपराध क्रमांकाशी जोडा आणि एका अपघाताची एकच ओळ ठेवा. अपघातानंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू अपघाती धरतात, त्यामुळे 'गंभीर' म्हणून लिहिलेली ओळ महिन्याने पुन्हा तपासावी लागते.

हे झालं की प्रत्येक ठिपक्याला दर्जा द्या. वीस मीटरच्या आत जागा पक्की असेल तर अ, शंभर मीटरच्या आत असेल तर ब, नुसतं रस्त्याचं नाव असेल तर क. क दर्जाचे ठिपके नकाशावर टाकायचे नाहीत. "पण मग माहिती वाया जाते," असं नवीन पोरं म्हणतात. जाऊ दे. रस्त्याच्या एकूण बेरजेत ते मोजा. चुकीच्या जागी बसलेला ठिपका खड्ड्यापेक्षा वाईट. खड्डा निदान दिसतो.

काळा ठिपका म्हणजे काय

रस्ते मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. व्याख्या महामार्गांसाठी केलेली. शहरात 500 मीटरमध्ये तीन चौक मावतात, म्हणून मी 100 मीटरची खिडकी सरकवत नेतो, म्हणजे थोडं थोडं पुढे सरकत दर 100 मीटरमधले अपघात मोजतो. एका वर्षाच्या आकड्यावर कधीही नाचू नका. एखाद्या चौकात एका वर्षी योगायोगाने अपघात वाढतात आणि पुढच्या वर्षी काहीही न करता कमी होतात. मधे कुणी फलक लावला असेल तर श्रेय तो घेऊन जातो.

अपघात कसा झाला

कारणाचा रकाना वाचूच नका. प्रत्येक खबरीत एकच वाक्य असतं: "आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व निष्काळजीपणे चालवून." खबर गुन्हा सिद्ध करण्यासाठी लिहिलेली असते, रस्ता दुरुस्त करण्यासाठी नाही. त्याऐवजी वाहनं कोणत्या दिशांनी येत होती ते बाणांनी काढा. एका चौकाचे सगळे अपघात एका कागदावर. समोरासमोर, मागून धडक, वळताना, पायी जाणारा, असे बाणांचे गठ्ठे दिसू लागतात. सोबत वेळ लिहा.

जागेवर जाणं

अपघात ज्या वेळेला होतात त्याच वेळेला जा. रात्री अकराचे अपघात समजून घ्यायला सकाळी दहाला गेलात तर पोहे खाऊन परत याल. पदपथावर उभं राहून अर्धा तास नुसतं बघा. दुभाजकावर घासल्याच्या खुणा, कडेला हेडलाईटच्या काचा, कठड्याला लागलेला रंग. आणि पंक्चरवाल्याशी बोला. शहराच्या दक्षिणेकडच्या एका रस्त्यावर माझ्या नकाशात ठिपके चौकात होते. तिथला पंक्चरवाला म्हणाला, "इथं काहून शोधून राहिले भाऊ? गाड्या तिकडं पंपापाशी ठोकतात, लोटत इथं आणते मग पोलीस." खरंच होतं. पंपासमोरून परत फिरायला दुभाजकातली पुढची फट फार लांब होती, म्हणून लोक पेट्रोल भरून सरळ राँग साईडने चौकापर्यंत येत. पाटी लावून, पावत्या फाडून हे थांबत नाही. वळायची सोय जवळ आणावी लागते.

उपाय आणि कुणाला सांगायचं

गतिरोधकाबद्दल एकदाच बोलतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, साधारण 25 किमी वेगासाठी. आपल्याकडे टाकतात ते डांबराचे ढेकूळ, ना रंग ना फलक, आणि रात्री त्यावरूनच दुचाकी उडते. वेग कमी करणं मात्र हवंच. सरासरी वेग 5 टक्क्यांनी उतरला तर प्राणांतिक अपघात 30 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्यासाठी वळणाची त्रिज्या आवळणं, मार्गिका अरुंद करणं, पायी जाणाऱ्याला मधे थांबायला जागा देणं असे मार्ग आहेत.

रस्ता कुणाचा हे आधी शोधा: मनपा, सार्वजनिक बांधकाम, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. पत्र चुकीच्या दारात गेलं की सहा महिने गेलेच. योग्य दारात द्या आणि प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. पत्र एक पानाचं: बाणांचा कागद, दोन फोटो, एक मागणी. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 198-अ कलम आलं. रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पत्राच्या शेवटी या कलमाचा साधा उल्लेख करा, धमकी नको. उत्तर येण्याचा वेग बदलतो, हा माझा अनुभव.

अपघात होण्याची वाट न बघता धोका मोजायचा प्रयोगही नागपुरातच झाला. सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात मनपाच्या शहर बसवर कॅमेरे लावून 'थोडक्यात वाचलो' असे क्षण टिपले. अशी माहिती हाती आली तर जरूर घ्या, पण तिलाही वरची ठिपक्याची चाळणी लावा.

काम झाल्यावर

दुरुस्तीची तारीख लिहून ठेवा. आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन, आणि त्याच रस्त्याच्या बाकीच्या भागाशी तुलना. फट बंद केली तर पुढच्या फटीपाशी ठिपके वाढले का तेही बघा. जुन्या नकाशाची फाईल पुसू नका. दर जानेवारीत तोच 150 शब्दांचा अर्ज पुन्हा टाका, फक्त वर्ष बदलून.