युद्धकाळातल्या रेशनवरचा ख्रिसमसचा बेत, मांसाशिवाय

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनसारखा ख्रिसमसचा बेत करायचा म्हटला की बहुतेक जण आधी टर्कीला पर्याय शोधायला बसतात. तिथेच बेत फसतो. मांस नसणं ही यातली सोपी बाजू आहे. खरी ओढाताण लोण्याची आणि साखरेची. ८ जानेवारी १९४० ला रेशन लागलं ते बेकन, लोणी आणि साखरेवर. मांसाची पाळी मार्चमध्ये आली, आणि तेही वजनावर नाही तर किमतीवर मोजून मिळायचं. बटाटे, गाजर, कोबी युद्धभर रेशनबाहेरच राहिले. हंस आणि टर्कीही रेशनबाहेर होत्या, पण सहजी मिळत नसत आणि मिळाल्या तर परवडत नसत. म्हणून तिथल्या गृहिणींनी मसुराच्या डाळीचा ‘खोटा हंस’ केला. तोच आपल्या पानातला मुख्य पदार्थ.

आधी वजनकाटा

रेशनचे आकडे वर्षागणिक बदलत गेले, पण ढोबळमानाने माणशी आठवड्याला ५५ ग्रॅम लोणी, ११५ ग्रॅम मार्गारीन (लोण्याऐवजी वापरायची कृत्रिम चरबी), ५५ ग्रॅम स्वयंपाकाची चरबी आणि २२५ ग्रॅम साखर धरा. चौघांचं लोणी-मार्गारीन-चरबी मिळून झालं ९०० ग्रॅम. यातला पाचवा हिस्सा, म्हणजे १८० ग्रॅम, या एका जेवणाला काढायचा. साखर ९० ग्रॅम.

हे १८० ग्रॅम आदल्या दिवशीच मोजून वेगळ्या वाटीत ठेवा: पुडिंगला ६०, बटाट्यांना ४५, खोट्या क्रीमला ४५, हंसाला १५, ग्रेव्हीला १५. हाताच्या अंदाजाने सोडलं तर बटाटेच शंभर ग्रॅम पिऊन टाकतात आणि क्रीमच्या वेळी वाटी रिकामी असते. मूळ पुडिंगमध्ये सूएट, म्हणजे गुरांची कडक चरबी पडायची. शाकाहारी बेतात तिच्याऐवजी फ्रीजमध्ये कडक केलेलं मार्गारीन किंवा वनस्पती तूप किसून घ्या. क्रीमला मात्र लोणीच वापरा. वनस्पती तूप टाळूला चिकटून बसतं.

२३ डिसेंबर: पुडिंग

नेहमीचं ख्रिसमस पुडिंग महिनाभर आधी करून मुरवत ठेवतात. हे तसं ठेवू नका. यात कच्चा बटाटा आणि गाजर असल्याने पाणी जास्त, साखर कमी, ते आंबतं. दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवलेलं उत्तम.

कणीक १०० ग्रॅम, दोन दिवसांच्या शिळ्या पावाचा चुरा १०० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, किसलेलं मार्गारीन ६० ग्रॅम, मनुका-बेदाणे १२० ग्रॅम, दालचिनी-जायफळ-लवंग यांची पूड मिळून एक छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ कोरडंच एकत्र करा. सुकामेवाही १९४२ पासून पॉइंटवर, म्हणजे रेशनमध्ये मिळणाऱ्या मोजक्या गुणांच्या बदल्यात मिळायचा, त्यामुळे मनुका यापेक्षा वाढवायच्या नाहीत. आता १२० ग्रॅम गाजर किसून घाला. गाजराचं पाणी काढू नका, गोडी त्यातच आहे. १२० ग्रॅम बटाटा सगळ्यात शेवटी किसा, नाहीतर काळा पडतो, आणि तो हलक्या मुठीने पिळून घ्या. शेवटी दोन मोठे चमचे गरम दुधात एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा विरघळवून ओता, ढवळा आणि लगेच वाफेला लावा. सोडा घातल्यावर फोन घ्यायला गेलात तर गॅस निघून जातो आणि पुडिंग दगड होतं. चमचा शिगोशीग भरला तर साबणाची चव येते.

लिटरभराच्या, आतून तुपाचा हात लावलेल्या भांड्यात तीन चतुर्थांशच भरा. वर बटरपेपर ठेवा, त्याला मधोमध एक चुणी घाला म्हणजे फुगायला जागा राहील, आणि दोऱ्याने बांधा. उकडायला मोदकपात्र झकास, फक्त भांडं आत नीट मावायला हवं. झाकणाला फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी वर ठिबकत नाही. साडेतीन ते चार तास मंद वाफ. दर पाऊण तासाने पाणी बघा आणि घालायचं ते उकळतंच घाला. थंड पाण्याने वाफ मोडली की मध्यभाग कच्चट, चिकट राहतो.

हंस

इथे मराठी स्वयंपाकघरातली सवय आड येते. डाळ म्हटली की हात कुकरकडे जातो आणि मसूर तीन शिट्ट्यांत वरण होऊन बाहेर येते. त्या वरणाचा हंस उभा राहत नाही. २५० ग्रॅम मसूर डाळ धुऊन साडेपाचशे मिली पाण्यात, उघड्या जाड पातेल्यात, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. वर येणारा फेस काढत राहा. चमचा तळाशी ओढल्यावर पातेल्याचा तळ दिसावा आणि ती रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहावी, इतकी घट्ट झाली की उतरवा. पातळ राहिली तर आणखी आटवा. पीठ घालून घट्ट करू नका, पिठूळ लागते. मग मीठ, मिरपूड आणि मोठा चमचाभर लिंबाचा रस. लिंबू आधी घातलं तर डाळ लवकर मऊ होत नाही.

सारणाला दोन मध्यम कांदे बारीक चिरून थोड्या पाण्यातच दहा मिनिटं शिजवा. तेल लागत नाही, तेवढीच बचत. पाणी निथळून ग्रेव्हीला ठेवा. कांद्यात ६० ग्रॅम पावाचा चुरा आणि छोटा चमचाभर वाळलेलं सेज (एक सुगंधी पाला) मिसळा. पदार्थाला ‘हंस’पण येतं ते सेज आणि कांद्यामुळे, कारण इंग्लंडात हंसाच्या पोटात हेच सारण भरतात. सेज नसेल तर थाइम चालेल. हिंग, गरम मसाला घातलात तर चविष्ट होईल, पण तो डाळवडाच होईल.

तूप लावलेल्या खोलगट भांड्यात अर्धी डाळ, वर सारण, वर उरलेली डाळ. पाठ सपाट करून उरलेलं तूप ब्रशने लावा. इथवर २४ तारखेला करून ठेवता येतं. २५ तारखेला भाजल्यावर पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. गरमागरम कापला तर थर घसरतात आणि ताटात नुसता लगदा येतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यात झाकून मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग ताटलीवर उलटून दुसरी बाजू.

डाळ आवडत नसलेलं कोणी असेल तर वूल्टन पाय करा. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा हा पाय लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या आचाऱ्याने बसवला आणि १९४१ मध्ये तो वर्तमानपत्रात छापून आला. बटाटा, गाजर, फ्लॉवर आणि स्वीड (सलगमसारखा कंद; आपल्याकडे त्याऐवजी नवलकोल) प्रत्येकी ४५० ग्रॅम, तीन-चार पातीचे कांदे, एक मोठा चमचा ओट्स, छोटा चमचा मार्माइट (यीस्टचा खारट, काळा अर्क). जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात दहा मिनिटं ढवळत शिजवायचं, गार करायचं, वर पार्सली. झाकण कुस्करलेल्या बटाट्याचं करा. पेस्ट्रीचं केलंत तर आपली वाटी तिथेच संपते.

ग्रेव्ही आणि क्रीम

मांस नसलेल्या ताटाला ग्रेव्हीच तारते. २० ग्रॅम कणीक कोरडीच, बदामी रंगावर, लाडवाचं बेसन भाजतो तशी भाजा आणि पूर्ण गार करा. १५ ग्रॅम मार्गारीनवर एक कांदा चांगला तपकिरी करा. पिवळ्या कांद्याने ग्रेव्हीला ना रंग येतो ना चव. कणीक थोड्या गार पाण्यात कालवून त्यावर ओता, मग बटाटे, गाजर, कांदा उकडलेलं ४०० मिली पाणी. कोबीचं पाणी नको, गंधकासारखा वास येतो. छोटा चमचा मार्माइट किंवा सोया सॉस घाला. दोन्ही खारट असतात, मीठ त्यानंतर चाखून.

क्रीमसाठी १५० मिली दुधात एक सपाट मोठा चमचा कॉर्नफ्लोअर शिजवून घट्ट करा आणि थंडगार होऊ द्या. ४५ ग्रॅम लोणी आणि १५ ग्रॅम साखर फेसून त्यात हे चमचा-चमचा घालत फेटा. कोमट असतानाच घातलं तर लोणी वितळतं आणि क्रीम फाटतं. तसं झालंच तर वाटी बर्फावर ठेवून पुन्हा फेटा.

२५ डिसेंबर

इंधनही जपून वापरायचं असल्याने ओव्हन एकदाच लावायचा. जेवण एकला धरा. दुपारी तीनला राजाचं रेडिओवरचं भाषण असायचं, त्याआधी ताटं उचललेली असत.

पावणेबाराला ओव्हन १९० अंशांवर लावा. एक किलो बटाटे फोडी करून आठ मिनिटं उकडा, पाणी ग्रेव्हीला काढा, आणि झाकण लावून पातेलं खडखडून हलवा. कडा खरबरीत झाल्या तरच कमी तुपात कुरकुरीत होतात. ट्रेमध्ये ४५ ग्रॅम मार्गारीन आधी कडकडीत तापवा, मग फोडी. बारा वाजता बटाटे वरच्या कप्प्यात, हंस खालच्या. सव्वाबाराला पुडिंग पुन्हा वाफेवर, तासभर. पाऊणला हंस बाहेर काढून ओव्हन २२० वर न्या आणि बटाट्यांना शेवटची पंधरा मिनिटं द्या. तेवढ्यात गाजर आणि कोबी झाकून पाच-सात मिनिटं वाफवा.

केकही हवा असेल तर आयसिंगशिवाय. ऑगस्ट १९४० पासून केकवर साखरेचं आयसिंग घालायला बंदीच होती, म्हणून लग्नाच्या केकवर पुठ्ठ्याचं खोटं आवरण ठेवत.

हंस उरलाच तर दुसऱ्या दिवशी गार झालेले बोटभर जाड काप नॉनस्टिक तव्यावर, थेंबभरही तेल न घालता, दोन्ही बाजूंनी परता.