ग्रेन म्हणजे घाण नाही: जुन्या पिक्चरची डिस्क कशी तपासायची

जुन्या पिक्चरची नवी ब्लू-रे लावली आणि स्क्रीनभर बारीक वाळूसारखं काहीतरी सळसळताना दिसलं की बरेच जण लगेच म्हणतात प्रिंट खराब आहे. तसं नसतं हो. तो ग्रेन आहे आणि तो दिसायलाच हवा. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात, त्यांच्यावर उजेड पडून चित्र उमटतं, रंगीत फिल्ममध्ये धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे ठिपके राहतात. म्हणजे ग्रेनच्या खाली कुठलं स्वच्छ चित्र दडलेलं नाहीये, तो पुसला की चित्रच पुसलं जातं.

डिस्कला नावं ठेवायच्या आधी आपला टीव्ही बघा. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन नॉईज रिडक्शन नावाचं जे जे दिसेल ते बंद करा, मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, शार्पनेस न्यूट्रलला आणा (काही टीव्हीत तो शून्यावर असतो, काहींत मधल्या आकड्यावर). फिल्ममेकर मोड असेल तर तो एकच लावला की झालं.

आता एखादा चेहऱ्याचा क्लोजअप शोधा, चांगल्या उजेडातला, आणि पॉज करा. गालावरची रंध्रं, दाढीचे खुंट, भुवईचे सुटे केस दिसतायत का? चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत आणि डोळे-केस मात्र टोकदार, असं असेल तर डीएनआर मारलाय, म्हणजे सॉफ्टवेअरने ग्रेन घासून काढलाय. मग एकेक फ्रेम पुढे न्या. खरा ग्रेन प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, भिंत स्थिर असली तरी तिच्यावरचा ग्रेन बदलत राहतो. तोच डाग भिंतीला चिकटून कॅमेऱ्याबरोबर सरकत असेल किंवा हलणाऱ्या हाताच्या मागे पुसट सावली ओढली जात असेल तर नक्की गडबड आहे. खांब, टोपी अशा गडद कडांभोवती पांढरी रेघ दिसली तर वरून शार्पनिंगही केलंय.

१९८७ च्या 'प्रिडेटर'ची २०१० ची ब्लू-रे याचं सगळ्यात बदनाम उदाहरण, जंगलात घामाने निथळणारी माणसं आणि त्यांची कातडी प्लास्टिकची. २०१८ च्या फोर-के डिस्कमध्ये ग्रेन परत आला, दोन्हींमधला एकच सीन शेजारी शेजारी लावून बघा, आणखी काही समजवायची गरज पडत नाही. 'पॅटन'चं तर मला खरंच वाईट वाटतं, तो ६५ एमएमवर शूट झालेला, एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर ग्रेन मुळातच नाजूक, तरी २००८ च्या डिस्कवर तोही घासला आणि २०१२ ला नव्याने डिस्क काढावी लागली.

पण साफसफाई नकोच असं कोणी म्हणत नाहीये. धूळ, ओरखडे, जोडाच्या खुणा, थरथर, उडालेला रंग हे सगळं दुरुस्त व्हायलाच पाहिजे. धुळीचा ठिपका सहसा एकाच फ्रेमवर असतो, म्हणून सॉफ्टवेअर मागच्या-पुढच्या फ्रेममधून तेवढा तुकडा उचलून तिथे भरतं. फक्त पावसाचे थेंब, ठिणग्या असलं काही आलं की त्यालाही ते धूळ समजून खाऊन टाकू शकतं, तिथे माणसाने बसून फ्रेम बघायलाच हवी. चांगलं रिस्टोरेशन म्हणजे धूळ गेली आणि ग्रेन राहिला.

स्ट्रीमिंगवर बघून मात्र रिस्टोरेशनबद्दल मत बनवू नका. दर फ्रेमला बदलणारा ग्रेन कॉम्प्रेस करायला फार डेटा लागतो, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, कमी पडला की ग्रेन वितळून चौकोनी ठोकळे होतात, त्यात मूळ मास्टरचा, म्हणजे ज्यावरून कॉप्या निघतात त्या प्रतीचा, दोष नसतो. आणि स्वतःच्या डिस्कची कॉपी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरने करत असाल तर डीनॉईज फिल्टर ऑफ आहे ना ते बघा, एन्कोडर ट्यून या सेटिंगमध्ये ग्रेन निवडा. फाईल बरीच मोठी होईल, होऊ द्या, आधी दोन मिनिटांचा तुकडा करून तोच क्लोजअप परत पॉज करून बघा आणि मगच अख्खा पिक्चर लावा.