मुलांना ‘अँटिबायोटिक लागू पडत नाही’ असे म्हणण्यापूर्वी या चुका टाळा

‘याला आता कुठलेच अँटिबायोटिक लागू पडत नाही’ हे वाक्य बालरुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येते. औषधांना दाद न देणारे जीवाणू आहेत आणि ते वाढत आहेत, याबद्दल शंकाच नाही. टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही औषधे आज भारतात बहुतेक रुग्णांमध्ये निरुपयोगी ठरतात, आणि पाकिस्तानातील सिंध प्रांतात 2016 पासून पसरलेला टायफॉइडचा जीवाणू तर सेफ्ट्रियाक्सोन या इंजेक्शनलाही जुमानत नाही. तरीही ज्या मुलांवर हा शिक्का बसलेला असतो, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत दोष जीवाणूचा नसून मोठ्यांच्या घाईचा असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी औषध बदलणे

ही चूक मला सर्वांत जास्त सलते. टायफॉइडचे जीवाणू शरीरातील पेशींच्या आत दडून राहत असल्यामुळे, औषध अगदी योग्य असले तरी ताप पूर्ण उतरायला साधारण 4 ते 7 दिवस लागतात. हे पालकांना पहिल्याच दिवशी कोणी सांगत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा 103 ताप दिसला की धीर सुटतो, डॉक्टर बदलला जातो, आणि नवा डॉक्टर आधीच्यापेक्षा ‘भारी’ औषध लिहून देतो. ते सुरू असताना ताप उतरतो, तेव्हा श्रेय नव्या औषधाला मिळते आणि पहिल्यावर कायमचा ठपका बसतो. मी पालकांना दर सहा तासांनी ताप वहीत लिहायला सांगतो. तापाचा उच्चांक रोज थोडा खाली येत असेल, मूल उठून बसत असेल आणि खायला मागत असेल, तर औषध काम करत आहे असे समजून थांबावे. मात्र पोटात असह्य दुखणे, काळी शौच किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर वहीकडे न पाहता रुग्णालय गाठावे.

याच घाईची दुसरी बाजू अधिक घातक आहे. पावसाळा सरत असताना पूर्व विदर्भातील एक सात वर्षांची मुलगी ‘प्रतिरोधक टायफॉइड’ (म्हणजे औषधांना दाद न देणारा) अशी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आली. टायफॉइडविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात शोधणारी विडाल चाचणी एकदाच केली होती आणि ती पॉझिटिव्ह होती. सेफिक्झिम झाले होते, सेफ्ट्रियाक्सोन झाले होते, त्यानंतर पायपरासिलीन-टॅझोबॅक्टमही झाले होते आणि आता मेरोपेनेम सुरू करण्याचा सल्ला मिळाला होता. कपडे उतरवून तपासल्यावर तिच्या काखेत सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली आणि शेजारी सुजलेली गाठ दिसली. तो स्क्रब टायफस होता. गवतातील सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा हा आजार 2018 मध्ये नागपूर परिसरात मोठ्या प्रमाणावर आढळला होता, आणि त्यावर सेफिक्झिमपासून मेरोपेनेमपर्यंतच्या संपूर्ण गटाचा काडीचाही उपयोग होत नाही. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत तिचा ताप गेला. आठ वर्षांखालील मुलांचे दात पिवळे पडतील या जुन्या भीतीपोटी हे औषध अजूनही टाळले जाते, वास्तविक अल्प मुदतीच्या उपचाराने तसे होत नाही. त्या मुलीच्या शरीरात प्रतिरोध नव्हता; निदानच चुकले होते आणि महागड्या औषधांनी ते झाकले गेले होते.

कल्चरच्या आधी पहिला डोस देणे

विडाल चाचणीवर विसंबून टायफॉइड ठरवणे मला मान्य नाही. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येते आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह असू शकते. रक्ताचे कल्चरही, म्हणजे नमुन्यातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची चाचणी, टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णात जीवाणू दाखवत नाही. त्यात आधी दोन दिवस औषध पोटात गेले असेल, तर उरलीसुरली शक्यताही मावळते. टायफॉइडचा संशय असेल तर पहिल्या डोसपूर्वी रक्त घ्यावे, पुरेसे घ्यावे, आणि मगच औषध सुरू करावे. गंभीर दिसणाऱ्या किंवा अगदी तान्ह्या बाळाला अहवालासाठी ताटकळत ठेवू नये, पण रक्त काढायला लागणारी पाच मिनिटे त्याच्यासाठीही असतात.

लघवीच्या बाबतीत हाच नियम आणखी कडकपणे पाळावा. बाळाला पिशवी चिकटवून गोळा केलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात; मग अहवालात भयंकर नावाचा प्रतिरोधक जीवाणू उगवतो आणि ज्या मुलाला संसर्गच नाही त्याला इंजेक्शने सुरू होतात. जागा स्वच्छ धुऊन मधल्या धारेची लघवी झेलावी. तान्ह्या बाळाची तशी मिळत नसेल तर डॉक्टरांनी नळीने घ्यावी.

कल्चरच्या अहवालात ज्या औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ (जीवाणू त्याला दाद देतो) लिहिले आहे ते प्रत्येक औषध मुलावर चालतेच असेही नाही. टायफॉइडमध्ये जेंटामायसिन प्रयोगशाळेत प्रभावी दिसते, पण पेशींच्या आतल्या जीवाणूंपर्यंत पोहोचत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरते चांगले असले तरी मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या, ताप असलेल्या संसर्गात ते पुरत नाही.

पावडरच्या सिरपमधील पाणी

बाटलीवरच्या खुणेपेक्षा जास्त पाणी घातले की प्रत्येक चमचा फिका होतो आणि कमी मात्रेत तगलेले जीवाणू मागे उरतात. पावडर आधी हलवून सुटी करावी, उकळून थंड केलेले पाणी निम्मे घालून हलवावे, आणि फेस बसल्यावर खुणेपर्यंत भरावे. मात्रा सोबतच्या मापानेच द्यावी, घरातल्या चमच्याने नव्हे. एकाच नावाचे सिरप 5 मिलीत 50 मिलिग्रॅम आणि 100 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते, त्यामुळे नवी बाटली आणल्यावर लेबल पुन्हा वाचावे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये ठेवावे आणि 7 दिवसांनी उरलेले टाकून द्यावे. भावंडासाठी ते जपून ठेवू नये.

सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक नको. पाण्यासारख्या जुलाबांना ओआरएस आणि झिंक पुरेसे असते. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी कोणी सुचवली तर ठामपणे नाही म्हणावे. मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून सेफिक्झिम आणू नये. ते 2014 पासून अमलात आलेल्या एच-1 अनुसूचीतील (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या सरकारी यादीतील) औषध आहे आणि दुकानदाराने त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

टायफॉइडची संयुग्म (कॉन्जुगेट) लस वयाच्या 6 महिन्यांनंतर देता येते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी ती मोफत देण्याची मोहीम सुरू केली होती. जिथे अशी सोय नाही, तिथे खासगी दवाखान्यात विचारावे आणि लस दिल्याची तारीख तापाच्या त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.